‘अभिषिक्त’ आणि ‘ख्रिस्त’: एका संज्ञेची फाळणी

मराठी बायबलची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषाशैलीपाशी थांबते. मिशनरी मराठी कृत्रिम की पंडिता रमाबाईंची मराठी सोपी, हा तिचा ठरलेला विषय. संहितेचा प्रश्न तीत क्वचितच उपस्थित होतो. हिब्रू ‘माशीअह’ या एका संज्ञेपुरते पाहिले तरी ही उणीव किती मूलभूत आहे, हे ध्यानात येते.

‘माशीअह’ म्हणजे तेल लावून नेमलेला. हिब्रू बायबलमध्ये हे विशेषण शौल राजाला लागते, याजकाला लागते आणि यशयाच्या 45व्या अध्यायात कोरेश या परधर्मीय इराणी सम्राटालाही लागते. युगान्ती येणारा एकमेव तारणारा, हा अर्थ तेथे अद्याप स्थिरावलेला नाही. प्राचीन ग्रीक अनुवादाने या शब्दासाठी ‘ख्रिस्तोस’ योजला. म्हणून ग्रीक वाचकाला शौल आणि येशू या दोघांसाठी एकच शब्द दिसे. प्रचलित मराठी बायबलात मात्र जुन्या करारात ‘अभिषिक्त’ आणि नव्या करारात ‘ख्रिस्त’ आहे. अशी फाळणी इंग्रजीतही आहे, हे खरे. पण मराठीत तिला आणखी एक परिमाण प्राप्त होते. अभिषेक राजाला होतो, देवाला होतो; तो करणारा पुरोहित स्वतः अभिषिक्त नसतो. ‘अभिषिक्त याजक’ म्हणताच मराठी वाचक अडखळतो.

मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे 1947पासून मिळालेल्या हस्तलिखितांत नेमकी हीच कल्पना महत्त्वाची ठरते. तेथील पंथाच्या नियमग्रंथात अहरोनाचा आणि इस्राएलाचा अशा दोन अभिषिक्तांची, आणि एका संदेष्ट्याची, प्रतीक्षा आहे. चौथ्या गुहेतील त्याच ग्रंथाच्या एका प्रतीत हा मजकूरच नाही. दिमिष्क दस्तऐवजात उल्लेख एकवचनी आहे. म्हणजे एका पंथाच्या ग्रंथांतही ही श्रद्धा एकसाची नव्हती. यशयाच्या मोठ्या गुंडाळीत तर 52व्या अध्यायात एक ‘योद’ अधिक आहे; तेवढ्याने सेवकाची विरूपता सांगणारा शब्द ‘मी अभिषेक केला’ असाही वाचता येतो. ही लेखनिकाची लकब की जाणीवपूर्वक केलेला अर्थनिर्णय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

रमाबाईंनी केडगावी हिब्रू-ग्रीकवरून सिद्ध केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढची हिब्रू संहिता मध्ययुगीन मसोरा परंपरेची होती. त्या परंपरेतील संपूर्ण बायबलची सर्वांत जुनी कालनिर्दिष्ट प्रत 1008ची. रमाबाईंना कुमरान ठाऊक असणे शक्यच नव्हते. दोष त्यांचा नाही. ‘मुळावरून केलेला अनुवाद’ असा गौरव करून त्या मुळाची चौकशी न करणाऱ्या समीक्षेचा आहे. पुण्यात तर हे विशेषच खटकते. भांडारकर संस्थेच्या महाभारतासाठी सुकथनकरांनी 1933च्या प्रस्तावनेत पाठचिकित्सेचे शास्त्र मांडले. प्रतींच्या आधारे पोहोचता येईल तितकी जुनी संहिता, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. ती शिस्त मराठी बायबलच्या अभ्यासात उतरली नाही.

या चर्चेतून आणखी एक वाचकवर्ग निसटतो: 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हागादा छापून घेणारा बेने इस्राएल समाज. त्याच्या लेखी ‘माशीअह’चा अनुवाद ‘ख्रिस्त’ होऊच शकत नाही, कारण ती प्रतीक्षा संपलेली नाही. मलाखीच्या ग्रंथाअखेरीस त्या महान दिवसाआधी येणार म्हणून सांगितलेला एलिया मात्र कोकणात येऊन गेला, अशी या समाजाची श्रद्धा आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर त्याच्या खुणा दाखवतात आणि त्याच्या नावाने मलिदा होतो.