एकवीस मिनिटांचा हिशेब

बावीस वर्षं बँकेत काढली की माणसाला बायकोचं "जरा दूध आणता का?" हेसुद्धा अर्जासारखं ऐकू येतं. त्यामुळे बारावी कॉमर्सला असलेल्या आमच्या कन्येनं, "बाबा, मी कॉलेजच्या रॉक बँडमध्ये गाणार आहे," असं जाहीर केलं, तेव्हा मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारलं, "तारण काय?"

"क्वीन," ती म्हणाली आणि तिनं टीव्ही लावला.

रॉकविषयीचं माझं ज्ञान बेताचंच. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरची भिंत आणि आमच्या खिडकीची तावदानं यांच्यात जो संवाद चालतो, त्याचाच हा विलायती अवतार, अशी माझी समजूत. मी पडलो 'सवाई'चा माणूस. चटई, डबा आणि मफलर घेऊन जाणारा, समेवर मान हलवणारा (क्वचित एखादी मात्रा आधी). त्यातून पुणेरी श्रोता. आम्ही हाताची घडी घालून बसतो आणि टाळी द्यायचीच झाली तर नोटा मोजून द्याव्यात तशी देतो. चुकून एक जास्त जायला नको!

कन्येनं लावलेला कार्यक्रम १३ जुलै १९८५चा, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरचा. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' नावाचा दिवसभराचा जलसा होता, समोर सुमारे बहात्तर हजार माणसं. प्रत्येकाला वीसेक मिनिटं ठरवून दिलेली आणि वेळ कळावी म्हणून रंगमंचावर चक्क सिग्नलचे दिवे. सिग्नल बघून माणसं थांबतात, ही कल्पनाच एका पुणेकराला पचायला जड. पण क्वीनच्या चौघांनी आधी घड्याळ लावून तालमी केल्या होत्या आणि सहा गाण्यांचं काम एकवीस मिनिटांत उरकलं.

मी पहिला शेरा मारला, "गायक नाचतो फार. गळा असेल तर एवढं धावायचं कशाला?"

"बाबा, आधी बघा. मग बोला."

हे वाक्य खरं म्हणजे प्रत्येक समीक्षकाच्या टेबलावर पाटी करून ठेवायला हवं. बघू लागलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की भर उजेड होता. धूर आणि दिव्यांची रोषणाई यांसाठी ही मंडळी प्रसिद्ध. पण लंडनच्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सहा-पावणेसातला दिवे लावून उपयोग काय? म्हणजे सगळा भांडवली खर्च बाजूला ठेवून निव्वळ अंगच्या शिलकीवर कार्यक्रम करायचा. दुसरी गोष्ट काटकसरीची. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्यांचं १९७५चं गाजलेलं गाणं रेकॉर्डवर सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. त्याचा पहिला संथ भाग तेवढा पियानोवर गायला आणि ऑपेराची मधली सगळी गुंतागुंत गाळून पुढच्या गाण्यावर उडी! आपली सगळ्यात गाजलेली चीज अर्ध्यावर सोडायला केवढी छाती लागते! आमच्याकडे सत्काराच्या उत्तराचं भाषणसुद्धा कुणाला आवरत नाही.

ज्याला लोक 'ऊर्जा' म्हणतात ती धावण्यात नव्हती, हे मला तिथं कळलं. फ्रेडी मर्क्युरी अर्ध्या दांड्याचा माइक घेऊन धावतो खरा. पण तो धावतो ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला आपण दिसावं म्हणून. मग वाद्यं थांबतात, तो एकटा एक स्वर लावतो आणि बहात्तर हजार माणसं तोच स्वर त्याला परत करतात. तो जरा अवघड हरकत देतो, तीही परत येते. ठेव ठेवली की लगेच व्याजासकट वसूल! असली बँक मी पाहिलेली नाही. १९७७च्या 'वुई विल रॉक यू'मध्ये तर दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी, एवढाच ठेका. गाणं रचतानाच त्यात श्रोत्यांची जागा राखून ठेवलेली. आपल्याकडे भजनात टाळकरी हा श्रोता की कलावंत, असं कुणी विचारत नाही, तसंच हे.

गिटारवाला ब्रायन मे हा माझ्या विशेष मर्जीतला. वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार तो वाजवतो आणि तीही जुन्या सहा पेन्सच्या नाण्यानं. ते नाणं १९८० साली चलनातून बाद झालं. बाद नाण्याचा इतका चांगला विनियोग आमच्या खात्यात कुणाला सुचलेला नाही.

आता नावेची बाजू. १९८४ साली, वर्णद्वेषी राजवटीवर जगातल्या कलावंतांचा बहिष्कार असताना, हे चौघे दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन गायले. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेनं त्यांना दंड केला तो योग्यच होता. चांगल्या गळ्यानं हे खातं मिटत नाही. खतावणीत ते तसंच दिसायला हवं.

"आणि बाबा," कन्येनं शेवटचा कागद पुढे केला, "हा फ्रेडी आपल्या पाचगणीला शिकला. सेंट पीटर्समध्ये. तिथंच त्याचा पहिला बँड होता, 'हेक्टिक्स'."

फारुख बुलसारा. पारशी. जन्म झांजिबारचा, १९४६चा. आणि वडील? तिथल्या सरकारी कचेरीत कॅशियर!

मी गप्प झालो. आमचे अण्णाही कॅशियर. माझ्या कॉलेजच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रानं मला गायला बोलावलं होतं. अण्णा नोटा मोजता मोजता, अंगठा न थांबवता म्हणाले, "आधी बी.कॉम. हो." मी झालो. अण्णांचं काहीच चुकलं नाही. पेन्शन, मेडिकल, सगळं वेळेवर मिळेल. फक्त त्या दिवशी त्यांनी माझं गाणं ऐकून मग 'नाही' म्हणायला हवं होतं, असं अधूनमधून वाटतं. न ऐकता अर्ज फेटाळला, एवढीच तक्रार.

"तू गाऊन दाखव," मी म्हणालो.

ती गायली. वरचा स्वर जरा चढा लागला, पण लागला. दुसऱ्या कडव्याला हिनं स्वयंपाकघरातून ताटलीवर ठेका धरला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी छताला काठी ठोकली. दोनदा, मग एकदा. अगदी तालात.

प्रकरण मंजूर केलं. अटी दोन : तालमी रात्री नऊच्या आत संपवाव्यात आणि पहिल्या कार्यक्रमाचं एक तिकीट जामीनदाराला द्यावं.

हाताची घडी घालून बसणार नाही, असं मी लेखी दिलं आहे.