आवश्यक पद, ऐच्छिक पद आणि मराठी विभक्ती

शोधयंत्राला दिलेल्या प्रश्नात काही पदे आवश्यक व काही ऐच्छिक असतात. ‘ल्यूसीन’ या प्रसिद्ध शोधप्रणालीत हा भेद स्पष्ट नियमांनी बांधलेला आहे. आवश्यक पद ज्या लेखात नाही तो लेख विचारातच घेतला जात नाही. ऐच्छिक पदाने केवळ लेखाचा क्रम वर सरकतो. मात्र प्रश्नात एकही आवश्यक पद नसेल, तर ऐच्छिकांपैकी निदान एक तरी आढळावे लागते. ही व्यवस्था तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. मराठीला ती जशीच्या तशी लावली असता मात्र ती सदोष ठरते.

मेळघाटातील, सिपना नदीकाठच्या सेमाडोहचे उदाहरण घ्यावे. ‘सेमाडोह’ आवश्यक आणि ‘सिपना’, ‘कोरकू’ ही ऐच्छिक, असा प्रश्न केला, आणि प्रत्यय वेगळे काढण्याची सोय यंत्रात नसली, तर ‘सेमाडोहच्या’, ‘सेमाडोहला’, ‘सेमाडोहात’ ही त्याच्या लेखी परकी पदे होत. ‘कोरकूंच्या’ हे रूप हुकले तर लेख थोडा खाली जाईल, इतकेच. ‘सेमाडोहात’ हुकले तर तो समूळ नाहीसा होईल. ‘सेमाडोह येथे’ असे लिहिणारे सरकारी परिपत्रक तेवढे टिकते, आणि गावकऱ्यांच्या बोलण्याजवळचे, प्रत्यय जोडून लिहिलेले गद्य गळते. दोष व्याकरणाचा, पण निवड होते ती भाषाशैलीची!

शब्दाच्या अंतीचा प्रत्यय छाटावा, हा उपाय वरवरचा आहे. ‘ला’ छाटण्याचा नियम ‘अकोला’ला लावला की ‘अको’ उरते. ‘चिखलदऱ्याला’मधून प्रत्यय काढला तरी ‘चिखलदरा’ हाती येत नाही. सामान्यरूप आड येते. २००८ पासून ‘फायर’ या भारतीय भाषांच्या शोधपरीक्षणात मराठीचा समावेश झाला, तेव्हा मूळ शब्दापर्यंत पोहोचण्याचा हा प्रश्न अभ्यासकांपुढे होताच.

त्याहून बरा मार्ग म्हणजे सर्व रूपांचा एक गट करून तो गटच आवश्यक मानणे, आणि गटातील प्रत्येक रूप ऐच्छिक ठेवणे. तरीही एक अडचण राहते. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार दुर्मिळ पदाला अधिक भार मिळतो. म्हणून ‘सेमाडोहाहून’ हे विरळ रूप अकारण लेखाला वर नेईल. तेव्हा गटातील रूपांची वारंवारता एकत्र मोजून त्यांना एकाच पदाचा भार द्यावा लागतो.