सामाजिक उत्तरदायित्व व शाश्वतता मानांकन : वऱ्हाडातील वीजप्रकल्पांच्या संदर्भात

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. नफाच नसेल तर उत्तरदायित्वही उरत नाही, ही या तरतुदीची मूलभूत उणीव होय. अमरावतीजवळील नांदगावपेठचा १३५० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प अप्पर वर्धा धरणाचे पाणी वापरतो. प्रामुख्याने सिंचनासाठी अडविलेल्या या पाण्याबाबत शेतकऱ्यांनी घेतलेली हरकत टक्केवारीत कशी मोजणार? सेबीने २०२२-२३ पासून आघाडीच्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. परंतु टंचाईग्रस्त क्षेत्रातून उचललेल्या पाण्याचा तपशील त्यात ऐच्छिकच ठेवला. मानांकन बव्हंशी अशाच अहवालांवर आधारलेले असते. अकोला जिल्ह्यातील पारसचे केंद्र महानिर्मितीचे, म्हणजे शासकीय. महानिर्मिती शेअर बाजारात सूचिबद्ध नसल्याने ही सक्तीही तिला लागू होत नाही.