सात फुटांचा संसार

परभणीकडच्या माणसाला कालवा म्हटला की पाण्याची पाळी आठवते, होडी नव्हे. त्यामुळे एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' (१९४४) बोरीत बसून वाचताना जरा मौजच वाटते. १९३९ साली या गृहस्थांनी बॅनबरीला टूली मंडळींच्या होडीकारखान्यात 'क्रेसी' नावाची जुनी मालवाहू होडी राहायला घर म्हणून सजवून घेतली. रुंदी अवघी ७ फूट! कारागिरांचं कौतुक ते मनापासून करतात. स्वतः इंजिनिअर, तेव्हा नुसतं 'वा वा' करून थांबत नाहीत.

माझं घोडं अडतं ते हिशेबावर. नावाड्यांची अख्खी कुटुंबं याच रुंदीत, जेमतेम १० फूट लांबीच्या केबिनीत राहत. कपाटाचं एक दार पाडलं की टेबल, दुसरं पाडलं की बिछाना. का? तर उरलेली होडी कोळशाची. भाडं तो मिळवून देई, पोरं नव्हे. रोल्टसाहेबांनी त्या कोळशाच्या जागेत खोल्या थाटल्या. मग ऐसपैस बसून जुन्या जीवनासाठी हळहळणं त्यांना परवडलं.

आमच्याकडचा सुतार दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट नि देव्हारा बसवतो. त्याला अजून कुणी रोल्ट भेटलेला नाही. पुस्तक मात्र जरूर वाचावं. घरात फर्निचरचं काम चालू असेल तर भुशात बसूनच वाचावं.