काडी विझताना : हॅना सेनेशच्या कवितेविषयी

ज्यू माणूस मराठीला परका नाही. कोकणातील बेने इस्रायल मंडळी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेली, घरात मराठी बोलली आणि आपल्या धर्मग्रंथातील कथांवर मराठीतून कीर्तनेही करू लागली. युरोपातील ज्यूंच्या छळाची ओळख मात्र आपल्याला झाली ती बहुधा अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीतून. तिच्याहून आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या हॅना सेनेशची रोजनिशी आणि कविता आपल्याकडे तितक्या चर्चिल्या गेल्या नाहीत. वास्तविक आम्हा दुभाषिक मुलखातील वाचकांना ती अधिक जवळची वाटावी.

हॅनाचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील बेला सेनेश हे हंगेरियन नाटककार; मुलगी लहान असतानाच ते वारले. तेराव्या वर्षी तिने रोजनिशी सुरू केली ती अर्थातच हंगेरियनमध्ये. शाळेच्या वाङ्मय मंडळावर निवड होऊनही केवळ ज्यू म्हणून तिला पद नाकारले गेले. १९३९ मध्ये ती पॅलेस्टाईनला गेली, नहलालच्या शेतकी शाळेत शिकली, पुढे समुद्रकाठच्या सदोत याम या सामुदायिक वसाहतीत राहिली. रोजनिशीची भाषा आता हिब्रू झाली. मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्याची छत्रीधारी सैनिक म्हणून ती युगोस्लाव्हियात उतरली. जूनमध्ये हंगेरीची सीमा ओलांडताना पकडली गेली. बिनतारी संदेशाचे सांकेतिक शब्द काढून घेण्यासाठी तिचे हाल केले, आईला समोर आणून उभे केले. ती बोलली नाही. ७ नोव्हेंबर १९४४ रोजी तिला गोळ्या घातल्या. वय अवघे तेवीस.

अशा चरित्रापुढे समीक्षकाची लेखणी अडखळते. हौतात्म्याचा हार घातला की कविता वाचण्याचे कारण उरत नाही. युगोस्लाव्हियात लिहिलेल्या तिच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेचे असेच झाले आहे. ज्योत पेटवून स्वतः जळून जाणाऱ्या काडीचा त्यात गौरव आहे. कविता नेटकी आहे, यात शंका नाही. पण तीत मरण आधीच धन्य ठरलेले आहे, वाचकाला मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. सीझरियाच्या किनाऱ्यावरची १९४२ मधली लहानशी प्रार्थना मला याहून मोलाची वाटते. नव्याने शिकलेल्या भाषेत शब्द जपून वापरावे लागतात. त्या काटकसरीचेच तिने तिथे सौंदर्य केले. पुढे तिला चाल लागली आणि ती इस्रायलमध्ये घरोघरी गायली गेली.

आणि शेवटची कविता? बुडापेस्टच्या तुरुंगात लिहिलेली ही कविता हंगेरियनमध्ये आहे. कोठडीची लांबी पावलांनी मोजणारी ही मुलगी डाव हरल्याचे सरळ सांगते. येथे गौरव नाही, आशीर्वाद नाही; जगावेसे वाटणारे एक माणूस आहे. म्हणूनच ही तिची सर्वांत खरी कविता आहे, असे मी भाषांतरातून वाचूनही म्हणेन. जिने निश्चयाने भाषा बदलली, तिला शेवटची मोजदाद आईच्या भाषेत करावी लागली.

यावरून हिब्रू खोटी आणि हंगेरियन खरी, असा निवाडा कोणी करू नये. तिला दोन्ही लागल्या. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा-सौसरचा वेगळा जिल्हाही झाला. आपली मुले हिंदीत शिकतात, हिंदीत कविता लिहितात. लिहोत, चांगली लिहोत. संत्र्याचा भाव हिंदीत ठरला म्हणून काही बिघडत नाही. पण घरातली दुःखाची बातमी आजी अजून मराठीतच सांगते, आणि ती समजण्याइतकी मराठी नातवंडांजवळ उरली पाहिजे. हॅनाजवळ ती भाषा उरली होती. म्हणून त्या कोठडीतही तिला स्वतःशी बोलता आले.