मालकाने दिलेली सुटी

नाताळच्या चालीरीतींचा उगम सांगताना आम्ही प्राध्यापक रोमच्या सॅटर्नेलियापाशी थांबतो. 17 डिसेंबरला सुरू होणारा तो उत्सव. त्यात मालक गुलामांना आपल्या पंगतीला बसवी, क्वचित स्वतः वाढीही. केवढी उदार प्रथा, असे म्हणून आम्ही पुढे जातो. उत्सव सरल्यावर त्या गुलामाचे काय, हे विचारत नाही.

फ्रेडरिक डग्लसने ते विचारले. त्याचे आत्मकथन 1845 सालचे. मेरीलँडमध्ये नाताळ ते नववर्ष गुलामांना सुटी असे. काही विचारी माणसे केरसुण्या, चटया, टोपल्या करीत. बहुतेक कुस्ती, शर्यती, नाच आणि व्हिस्कीत बुडत. मालकाला हेच हवे असे. सुटीत राबणारा गुलाम त्याला आवडत नसे. कोण अधिक पितो यावर पैजा लागत. डग्लसच्या मते ही सुटी म्हणजे बंडाची वाफ सोडणारी झडप होती. स्वातंत्र्याचीच शिसारी यावी आणि गुलामाने मुकाट शेतावर परतावे, हा डाव.

डग्लस मला पटतो, पण पुरा नाही. नाच आणि दारू तो एकाच टोपलीत टाकतो. हॅरिएट जेकब्जचे 1861 चे आत्मकथन शेजारी ठेवून पाहा. उत्तर कॅरोलिनात नाताळला गुलामांचे मेळे निघत. अंगावर रंगीत पट्ट्यांची जाळी, पाठीला गाईची शेपटी, डोक्याला शिंगे. मेंढीचे कातडे मढवलेली पेटी बडवीत ते दारोदार पैसे मागत आणि नकार देणाऱ्या गोऱ्याची गाण्यातून रेवडी उडवीत. ही गाणी महिनाभर आधीपासून रचली जात. पैशांबरोबर रमही मागितली जाई, हे तीही लपवीत नाही. तरी मालकाच्या सुटीत गुलामांनी घुसवलेला हा त्यांचा स्वतःचा सण होता. डग्लसच्या झडपेत त्याला जागा नाही.

जेकब्ज भाबडीही नाही. नाताळाआधीच्याच पानांवर तिचा 1 जानेवारी येतो : गुलाम भाड्याने देण्याचा दिवस. अशाच एका दिवशी एका आईची सातही मुले लिलावात गेलेली तिने पाहिली.

अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. ते नाते मला याच पानांवर कळले. माझे वडील सालगडी होते. साल पाडव्याला ठरे. गावात गुढ्या उभ्या राहत तेव्हा ते मालकाच्या ओट्याखाली उचलीचा हिशेब ऐकत उभे असत. त्या दिवशी मिळणाऱ्या पुरणपोळीचे कौतुक मात्र ते अजून करतात. त्यावरून आमचे दर पाडव्याला भांडण होते.