शस्त्रक्रियेपूर्वीचे सांगणे आणि रुग्णाचे मौन

भुलीतून जागे होणाऱ्या रुग्णास पुष्कळदा जखमेच्या दुखण्याआधी जाणवते ती लघवीची अनावर घाई. मूत्राशयात नळी असते, तिच्यावाटे लघवी पिशवीत उतरत असते आणि मूत्राशय जवळजवळ रिकामा असतो. तरीही रुग्ण उठू पाहतो, कुंथतो, क्वचित नळीस हात घालतो. ही नळी बहुधा तो बेशुद्ध असतानाच घातलेली असते. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी तिची नीट कल्पना दिल्यास त्रास कमी होतो, असे प्रतिपादन केले जाते. ते ग्राह्य आहे. परंतु त्याची सिद्धता ज्या मापाने केली जाते, ते माप तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम त्रासाचे कारण पाहू जाता असे दिसते की, टोकाशी पाण्याने फुगविलेल्या लहानशा फुग्यामुळे ही नळी जागेवर राहते. नळी व फुगा मूत्राशयाच्या तळाचा संवेदनशील भाग चेतवितात आणि मूत्राशयाचा स्नायू आपोआप आकुंचन पावतो. हे आकुंचन उपदेशाने थांबणारे नव्हे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिब्युटिनिन व टोल्टेरोडिन या औषधांनी त्रास कमी झाला, तो त्यांनी स्नायूचे आकुंचन आवरल्यामुळे. शब्दांचे क्षेत्र निराळे आहे. ‘लघवी तुंबली’ हा रुग्णाचा तर्क चुकीचा असतो. त्यातून भय, भयातून कुंथणे आणि कुंथण्यातून अधिक कळ उत्पन्न होते. पूर्वसूचना ही साखळी तर्काच्याच ठिकाणी तोडते.

या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट व त्यांचे सहकारी यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यांतील एका गटास दुखणे कोठे, किती व किती काळ जाणवेल हे भूलतज्ज्ञाने सांगितले. स्नायू सैल कसे सोडावेत, कूस कशी बदलावी हे शिकविले. या गटास लागलेली अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्म्यावर आली. कोणास शिकविले आहे हे शल्यचिकित्सकांस ठाऊक नव्हते, हे या रचनेचे बळ होय. न मागणाऱ्यास औषध कमी मिळते, तेव्हा हेही माप सर्वस्वी निर्दोष नव्हे. तथापि एवढे करूनही आराम न पडल्यास औषध मागावे, हेही त्या रुग्णांस सांगितलेले होते. अभ्यासाचे अनुकरण करताना नेमका हाच भाग गळून पडण्याचा संभव असतो.

नळीच्या त्रासाची प्रचलित प्रतवारी पाहिली म्हणजे या गळतीचे परिणाम ध्यानात येतात. रुग्णाने विचारल्यावरच सांगितला तो त्रास सौम्य. आपणहून सांगितला तो मध्यम. हातपाय झाडले, ओरडला अथवा नळी ओढू लागला तर तीव्र. म्हणजे ही प्रतवारी वेदनेची, तितकीच बोलण्याचीही आहे. ‘असे वाटणे स्वाभाविक आहे’ हे आदल्या दिवशी ऐकलेला रुग्ण तीच कळ सोसून गप्प राहील आणि मध्यम श्रेणीतून सौम्य श्रेणीत जाईल. श्रेणी उतरली, कळ उतरली की नाही, हे मात्र कळले नाही.

हा आक्षेप केवळ मापनाचा नाही. रक्ताच्या गुठळीने नळी बंद झाल्यास मूत्राशय खरोखरच भरतो, आणि रुग्णास जाणवते ती घाई तशीच असते. त्या वेळी त्याचे मौन घातक ठरू शकते. म्हणून ‘घाई वाटेल, घाबरू नका’ या वाक्यास ‘पिशवीत लघवी उतरेनाशी झाली, ओटीपोट फुगले वा कळ वाढत गेली, तर लगेच सांगा’ याची जोड हवी.

भाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. मराठी बोलण्यात ‘लघवीची नळी’ म्हणजे देहातील मूत्रमार्गही आणि बाहेरून घातलेली नळीही. ‘लघवीच्या नळीचा त्रास होईल’ हे ऐकून आपल्या अवयवासच इजा होणार, असे रुग्णास वाटले तर दोष त्याचा नव्हे. प्रत्यक्ष नळी व तिचा फुगा दाखविल्यास हा घोटाळा टळतो.

तात्पर्य, पूर्वशिक्षणाचे मूल्य ठरविताना शिकविलेल्या व न शिकविलेल्या अशा सर्वच रुग्णांस ठरावीक वेळी एकच प्रश्न विचारला जावा, आणि कोणास शिकविले हे विचारणाऱ्यास ठाऊक नसावे. एवढे झाल्यावरही जो फरक उरेल, त्याचे श्रेय शिक्षणास निःशंकपणे देता येईल.